प्रेरणा पुरे, टाका दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आजच्या भरतकाम व वस्त्रकलावंतांवरचा लेख वाचला. सुईदोऱ्याला एवढी जागा मिळाली याचा आनंद आहेच. पण ‘तुमची प्रेरणा काय?’ या प्रश्नावर बहुतेकांची उत्तरे निसर्ग, पाऊस, आजीची पैठणी अशीच निघाली. खोटी नसतील, पण वाचून हाती काही लागत नाही. कुठलाही चित्रकार किंवा कवी हेच सांगेल.

कापडात कल्पना पुष्कळदा हत्यारातून सुचते. आपल्या मुंबईच्याच मोनिका कोरिया यांचे काम पाहा. हातमागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सरळ आणि सारख्या अंतरावर धरून ठेवते ती फणी. कोरियाबाईंनी विणता विणता फणीच काढून टाकली. मग मोकळे झालेले धागे वाकू लागले, कुठे दाटले, कुठे विरळ झाले. पाहणाऱ्याला त्यात पारंब्या दिसतील, वाहते पाणी दिसेल. युक्ती मात्र फणीची. १९४९ मध्ये मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जी तर आधी रेखाटनही करत नसत. रंगवलेल्या दोरांना गाठी मारत जायचे आणि त्यातूनच शिल्प उभे राहायचे.

भरतकामाचे तसेच. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसला दिओरच्या फॅशन शोसाठी ज्यूडी शिकागो या अमेरिकन कलावतीने कल्पिलेले मोठे पडदे मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या विद्यार्थिनींनी भरले. २०२२ मध्ये माधवी आणि मनू पारेख यांची चित्रे अशीच मुंबईत टाक्यांत उतरली. आता चित्रातला ब्रशचा फटकारा काही आपोआप कापडावर येत नाही. कागदावरच्या नक्षीला भोके टोचून तिचा छाप कापडावर उठवला की मिळते ती नुसती बाह्यरेषा. पुढे ती साखळीने भरायची की गाठीच्या टाक्याने, रेशीम आडवे टाकायचे की तिरपे, हे कोणीतरी ठरवावे लागते. टाक्याची दिशा बदलली की रेशमाची चकाकी बदलते. एकाच लडीतला धागा एका अंगाने गडद दिसतो, दुसऱ्या अंगाने फिका. हा निर्णय घेणारा हात कलावंताचा नाही तर कोणाचा?

धारावी-कुर्ल्यात अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बांधलेल्या लाकडी चौकटीवर, वाकून आरी (भरतकामाची आकडेवाली सुई) चालवणारे उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे कारागीर आहेत. त्यांना कोणी प्रेरणा विचारत नाही, आणि विचारलीच तर ते हसतील. पण ‘या पानाला हाच टाका का घेतलात?’ म्हणून विचारा. काम न थांबवता तासभर बोलतील.

म्हणून दोन विनंत्या. एक प्रदर्शने भरवणाऱ्यांना : चित्राखालच्या पट्टीवर ‘कापडावर धागा’ एवढेच लिहून भागवू नका. टाका कोणता आणि भरले कोणी, तेही लिहा. तैलरंग की जलरंग हे लिहिता ना? दुसरी आपल्याला. लेखासोबतची छायाचित्रे टपाल तिकिटाएवढी होती, टाका म्हणून दिसत नव्हता. पुढच्या वेळी मजकूर थोडा कापा, पण एखादे काम अगदी जवळून टिपलेले छापा. जमल्यास कापडाची उलटी बाजूसुद्धा. शिवणाच्या परीक्षेत आम्ही बाया गुण देताना आधी तीच पाहायचो.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका, दादर