ग्रंथालयाच्या तपासणीत कार्यकर्त्यासाठी रकाना नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आम्ही आमच्या वाचनालयासाठी हैदराबादच्या एका विक्रेत्याकडून बावीस तेलुगू पुस्तके मागवली. पुस्तके आली आणि वाचकांनी ती नेलीही. अडकले ते बिल. ते सबंध तेलुगूत होते, आणि वर्षअखेरीस हिशेब तपासताना ‘यात कोणती पुस्तके आहेत ते आम्हाला कसे कळावे?’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या, बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने तो सोडवला. तिची आजी विड्या वळते, आईवडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत आणि ती स्वतः चौथीपर्यंत तेलुगू माध्यमाच्या शाळेत होती. दोन संध्याकाळी बसून तिने प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकाशक देवनागरीत उतरवून दिले, आणि तेव्हा कुठे ती पुस्तके दाखल नोंदवहीत चढली. एका पुस्तकाच्या नावापाशी ती थबकली, कारण तो शब्द नेमका कसा लिहावा हे मराठीत ठरत नव्हते; मग तिने घरी फोन करून आजीला तो दोनदा उच्चारायला लावला आणि मगच लिहिला. वर्षाच्या अहवालात बावीस पुस्तके दिसतात, त्यांची किंमत दिसते. त्या दोन संध्याकाळी कुठेच दिसत नाहीत, आणि माझे हे पत्र त्यांच्याविषयी आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हातमाग आणि पुढे यंत्रमाग यांच्या निमित्ताने आलेला पद्मशाली समाज इथलाच झाला. अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्यांच्या घरात कन्नड आहे, काही मोहल्ल्यांत उर्दू आहे, आणि या सगळ्यांची बाजारातली भाषा मराठी, तीही सोलापुरी वळणाची. महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांतून चालत आल्या आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले आमचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा होते. ही नावे ओळीने वाचली तरी या शहराची घडण कळते. त्यामुळे ‘सांस्कृतिक वैविध्य’ हा शब्द शासकीय कागदावर वाचताना आम्हाला त्याचे अप्रूप वाटत नाही. आमचा प्रश्न एवढाच असतो की, ते वैविध्य रोजच्या रोज सांभाळणाऱ्यांना शासन नेमकी कोणती मदत करते.

मदत होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्याने हिंदी, उर्दू, गुजराती आणि सिंधी भाषांसाठी साहित्य अकादम्या स्थापन केल्या, त्यांच्यामार्फत पुरस्कार दिले जातात, आणि वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना तर बरीच जुनी आहे. सार्वजनिक ग्रंथालयांच्या परिरक्षण (म्हणजे चालू खर्चासाठीच्या) अनुदानात काही वर्षांपूर्वी ६० टक्के वाढ झाली आणि ती आमच्यापर्यंत पोहोचली, हेही मी मोकळेपणाने नोंदवतो. पण पुरस्कार लेखकाला मिळतो, मानधन कलावंताला मिळते आणि अनुदान संस्थेला मिळते. या तिघांना वाचकापर्यंत आणून पोहोचवणारा जो विनावेतन कार्यकर्ता असतो, तो या सगळ्या रचनेत गृहीत धरलेला आहे.

गृहीत धरलेला हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्याआधी मद्रास राज्याने १९४८ साली आणि कर्नाटकाने (तेव्हाच्या म्हैसूर राज्याने) १९६५ साली असे कायदे केले होते, आणि त्या दोन्ही ठिकाणी मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसवून त्यातून ग्रंथालये चालवण्याची सोय झाली. आपल्याकडे तसा उपकर नाही. आपण निराळी वाट घेतली: ग्रंथालये लोकांनी काढावीत, लोकांनी चालवावीत आणि शासनाने त्यांना मान्यता देऊन सहायक अनुदान द्यावे. या वाटेला आधारही होता. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. कायदा यायच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीपासून इथे वाचनालये वर्गणीवर आणि हौशी माणसांच्या जोरावर उभी होती. आज राज्यात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांच्या वर आहेत. त्यांपैकी ‘क’ आणि ‘ड’ या खालच्या वर्गांतल्या बहुतेक ग्रंथालयांत जो एखादा ग्रंथपाल असतो, त्याचा महिन्याचा पगार शेजारच्या कापड दुकानातल्या पोऱ्यापेक्षाही कमी भरतो, आणि बाकीचे सगळे काम कार्यकारी मंडळ व दोन-चार उत्साही वाचक फुकट करतात. म्हणजे स्वयंसेवा हा आपल्या ग्रंथालय व्यवस्थेचा पायाच आहे. आणि पायावर किती भार पडतो याची मोजणी मात्र कोणी करत नाही.

हा भार मुख्यतः कागदाचा आहे. आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशी दोन्हीकडे नोंदलेली आहे. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज करावा लागतो. दोन वर्षांपूर्वी आमचे एक विश्वस्त वारले. अर्ज आम्ही वेळेत केला, परंतु मंजुरी यायला इतके दिवस लागले की त्या मधल्या काळात दुसऱ्या एका कार्यालयाने ‘विश्वस्तांच्या अनुसूचीवर दिवंगत व्यक्तीचे नाव कसे?’ म्हणून आमचा अनुदानाचा प्रस्ताव परत पाठवला. पहिल्या कार्यालयाची पोच जोडूनही उपयोग झाला नाही. त्या वर्षीचा हप्ता उशिरा आला आणि तोवर ग्रंथपालाचा पगार आमच्या कोषाध्यक्षांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून दिला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी तो का द्यावा, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

तपासण्या नकोत असे माझे मुळीच म्हणणे नाही. २०१२ साली महसूल खात्याकडून ग्रंथालयांची पडताळणी झाली ती उगाच झाली नव्हती. केवळ कागदावर चालणारी वाचनालये होती, आणि त्यांची शिक्षा पुढे बराच काळ नव्या मान्यता आणि दर्जावाढ थांबल्याने प्रामाणिकपणे चालणाऱ्यांनीही भोगली. परंतु जो अधिकारी येऊन पुस्तके, सभासद, वर्तमानपत्रे आणि खुर्च्यासुद्धा मोजतो, त्याच्या तक्त्यात ‘वर्षभरात किती जणांनी किती तास विनावेतन काम केले’ असा एक रकाना असायला काय हरकत आहे? तो असता तर खरी आणि खोटी ग्रंथालये ओळखणेही सोपे झाले असते, कारण खुर्च्या एका दिवसासाठी भाड्याने आणता येतात, देवघेवीच्या टेबलावर रोज बसणारी माणसे तशी आणता येत नाहीत.

तास मोजण्याची पद्धत शासनाला नवी नाही. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास, काम करावयाचे असते. हे तास श्रमदान, वृक्षारोपण, स्वच्छता फेरी यांत जातात आणि त्यांविषयी मला आदर आहे. मात्र आमच्या शहरातल्या ज्या मुलांना कन्नड किंवा तेलुगू वाचता येते, त्यांचे यातले पन्नास तास जवळच्या वाचनालयात बहुभाषिक पुस्तकांची यादी करण्यासाठी, डोळे अधू झालेल्या वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्यासाठी जमेस धरले, तर खर्च काहीच येणार नाही. महाविद्यालय आणि ग्रंथालय यांच्यात एक साधे पत्र पुरेल. सध्या आमच्याकडे येणारी मुले प्रमाणपत्राविना येतात, आणि परीक्षा जवळ आली की साहजिकच येईनाशी होतात.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. आमच्या वाचनालयात हे कर्तव्य फार साध्या रूपात दिसते: माग बंद झाल्यावर घरी बसलेले एक गृहस्थ रोज सहा वाजता येऊन तेलुगू दैनिक उघडतात आणि त्याच टेबलावर समोर बसून एक निवृत्त शिक्षक उर्दू मासिक वाचतात, दोघांचे भांडण होते ते फक्त पंख्याच्या वेगावरून. शासन आमच्याकडून १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाची छायाचित्रे मागवते आणि आम्ही ती पाठवतोही. इतर दिवशीचे हे टेबल मात्र कोणाच्या छायाचित्रात येत नाही.

शासन दरवर्षी ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्ता आणि सेवक असे पुरस्कार देते, म्हणजे कार्यकर्ता नावाचा घटक असतो हे त्याला मान्य आहे. तो पुरस्कार मोजक्यांनाच मिळणार. उरलेल्या हजारोंसाठी मागणी फार छोटी आहे. एका कार्यालयाने स्वीकारलेला कागद दुसऱ्याने मान्य करावा, अनुदानाचा पहिला हप्ता वर्षाच्या आरंभी मिळावा, आणि कार्यकर्त्यांचा प्रवास, चहापाणी, भाषांतर यांवरचा किरकोळ खर्च मान्य खर्चात धरावा. असा खर्च आम्ही एकदा दाखवला होता, तो नामंजूर होऊन परत आला.

बिल उतरवून देणारी ती मुलगी जूनमध्ये पुण्याला शिकायला जात आहे. यंदा आम्ही धारवाडहून कन्नड पुस्तके मागवली आहेत. ते बिल वाचणारे माणूस आम्ही शोधूच. त्याला रिक्षाचे भाडे वाचनालयाच्या पैशांतून देता यावे, एवढे नियम करणाऱ्यांनी पाहावे.

आपला नम्र,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह, सोलापूर