ज्यांची नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

हिरो इम्पल्स या मोटरसायकलच्या चासीत, म्हणजे सांगाड्यात, यामाहा आरएक्स १३५ या दुसऱ्या मोटरसायकलचं टू-स्ट्रोक इंजिन बसलं आणि गाडी चढ चढायला लागली. कौतुक माझं होतंय, पण हात दुसऱ्यांचे होते.

सगळ्यात आधी भोसरीचे लेथवाले काका. जुन्या इंजिनाचे माउंट कापून नव्या प्लेटा वेल्ड करणं फार अवघड नाही. खरी गोम चेनच्या रेषेत. पुढचं-मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जरा जरी वाकडं बसलं तरी खडकाळ वाटेवर चेन उतरते. काकांनी दोरा ताणून फरक दाखवला, मनासारखं जमेपर्यंत स्पेसर (मधली अंतर राखणारी चकती) घासत राहिले. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "आधी चालव, मग बघू."

पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवरच्या ताईंनी बॉक्स उपसून अस्सल रीड व्हॉल्व्ह (इंजिनात मिश्रण आत सोडणारी झडप) शोधून दिला. इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंप काढलाय हे ऐकून टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) पेट्रोलमध्ये हातानं मिसळायची आठवणही करून दिली. हे विसरलं की पिस्टन जाम!

टेम्पोवाल्या दादांचेही आभार. अशी बदललेली गाडी रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही, म्हणून ती त्यांच्या टेम्पोतूनच मुळशीला गेली.

आणि तिथले शेतकरी आजोबा. एक्झॉस्टचा कर्कश आवाज ऐकून हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी भाताची खाचरं वाचवून जाणारी वाट दाखवली, वर बजावलं, "गुरं दिसली की इंजिन बंद." ते आम्ही पाळतो.

काका, गाडी चालवून झालीय. आता हिशेब सांगा.