बारक्याला पत्र

चि. बारक्या,
अनेक आशीर्वाद.

या नावाने हाक मारू नका, असं तू रविवारी आईला फोनवर बजावलंस. तरी मी तेच लिहितोय, त्याला कारण आहे, जरा धीर धर. वसतिगृहाच्या फोनवर दहा मिनिटं मिळतात, त्यातली सात तुझी आई जेवणाची चौकशी करण्यात घालवते. म्हणून कागद घेऊन बसलो.

फुटबॉलच्या निवड चाचणीत ‘खेळ बरा आहे, पण स्टॉपरला उंची कमी पडते’ म्हणून तुला परत पाठवलं. ते अगदीच चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. गोलपुढे मधोमध उभं राहून कॉर्नरला हेडर काढायला उंची लागतेच. पण मी सहा फुटी. पेठेच्या बी संघात मला नुसत्या उंचीवर स्टॉपरला घेतलं होतं. माझ्या डोक्यावरून गोल थोडे झाले, पायांमधून पुष्कळ झाले. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तेव्हा बसलेली माणसं अजून दिसली की हसतात.

आता बारेसीचं ऐक. फ्रँको बारेसी, इटलीचा. ब्रेशा शहराजवळ त्रावाल्यातो नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकरी घरातला, जन्म 1960 चा. थोरला भाऊ ज्युसेप्पे इंटर मिलानच्या पोरांच्या संघात गेला. मागोमाग हाही तिथे चाचणीला गेला, तर अंगाने किरकोळ म्हणून त्यांनी परत पाठवला. मग त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबने, एसी मिलानने, त्याला ठेवून घेतलं. आईबाप दोघेही तो कोवळ्या वयाचा असतानाच गेले. 1978 च्या एप्रिलमध्ये, अठरा पुरे व्हायच्या आधी, तो मिलानच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळला. संघात त्याला काय म्हणायचे माहीत आहे? पिशिनिन. मिलानच्या बोलीत याचा अर्थ बारक्या. मी जोडून सांगत नाहीये, खरंच. मोठा झाल्यावरही त्याची उंची पाच फूट नऊ इंचांच्या आसपासच होती.

एक मात्र ध्यानात घे. भावाला घेणारे आणि याला परत पाठवणारे काही अडाणी नव्हते. ज्युसेप्पेही इंटरकडून वर्षानुवर्षं उत्तम खेळला. 1986 च्या विश्वचषकाला तर इटलीने ज्युसेप्पेला नेलं आणि फ्रँकोला घरी ठेवलं! तेव्हा फ्रँको मिलानचा कर्णधार होऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या आधी 1982 मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा हा संघात होता, पण एक मिनिटही मैदानात उतरला नाही. म्हणजे जगज्जेता झाला तो बाकावर बसून. नाकारणं एकदाच होतं आणि मग सगळं सुरळीत, असं त्याच्याही बाबतीत झालं नाही.

आणि त्याचा क्लब? 1979 ला लीग जिंकली आणि पुढच्याच वर्षी सामने विकण्याच्या प्रकरणात मिलानला खालच्या श्रेणीत ढकललं. वर आले, 1982 ला पुन्हा खाली घसरले, या वेळी खेळूनच. चांगला खेळाडू असा संघ सोडून जातो. हा राहिला. बाविसाव्या वर्षी कर्णधार झाला. वीस हंगाम एकाच क्लबात काढले, 719 सामने.

पण तुला खरं सांगायचंय ते त्याच्या कामाबद्दल. त्या काळी इटलीत डिफेन्सची रीत अशी, की प्रत्येकाने आपला आपला माणूस धरायचा आणि एकाने मागे मोकळं राहून जे निसटेल ते झाडून काढायचं. 1987 मध्ये साक्की नावाचा प्रशिक्षक मिलानला आला. माणूस धरू नका, जागा धरा, म्हणाला. चौघांची ओळ: तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दिनी. सरावात चक्क चेंडूच नसायचा. चेंडू अमुक ठिकाणी आहे असं धरून सगळ्यांनी मिळून सरकायचं, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. पुढच्या संघाने पास द्यायला पाय उचलला की बारेसी पुढे निघायचा, त्याच्याबरोबर तिघे, हात वर, आणि समोरचा फॉरवर्ड ओळीमागे एकटा सापडून ऑफसाइड. एकाचं जरी पाऊल मागे राहिलं तर गोलरक्षक उघडा. यात उंचीचं काम किती आणि नजरेचं किती, तूच मोज. 1989 आणि 1990 ला लागोपाठ युरोपियन चषक आला. माझ्या मते त्याहून भारी आकडा 1993-94 च्या लीगचा: 34 सामन्यांत मिलानने गोल केले फक्त 36, खाल्ले 15, आणि तरी विजेते. लोक म्हणाले, कंटाळवाणा खेळ. म्हणोत.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत विश्वचषक होता. 23 जूनला नॉर्वेविरुद्ध त्याचा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली. स्पर्धा संपलीच म्हणायची. पण 17 जुलैला अंतिम सामना, आणि तासोत्ती, कोस्ताकुर्ता दोघांवरही बंदी. चोविसाव्या दिवशी हा चौतीस वर्षांचा माणूस ब्राझीलपुढे उभा राहिला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बाहेर धो धो पाऊस, आणि मी नि तुझे आजोबा ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे आवाज बारीक करून बसलेलो. ब्राझीलचे पिवळे ते पांढुरके, इटलीचे निळे ते काळे. आजोबांना फुटबॉलचं वेड नव्हतं, कुस्तीचं होतं. रोमारिओ आणि बेबेतो आत घुसले की आधीच तिथे एक काळा सदरा उभा असायचा. अर्ध्या तासाने आजोबा म्हणाले, “ह्यो गडी पळत न्हाई, हितंच कसा असतोय?” एकशे वीस मिनिटांत ब्राझीलला एकही गोल करता आला नाही, इटलीलाही नाही, मग पेनल्ट्या. पायात गोळे आलेल्या बारेसीने पहिली पेनल्टी घेतली आणि चेंडू बारवरून गेला. जगाला इटलीच्याच बाज्जोची हुकलेली शेवटची पेनल्टी आठवते, आम्ही त्याला बॅगिओ म्हणायचो. बारेसी नंतर लहान पोरासारखा रडला. आजोबांनी टीव्ही बंद केला, पण झोपले नाहीत.

आजोबांचा तो प्रश्न मी मैदानात कधी स्वतःला विचारला नाही, चेंडूमागे धावत राहिलो. तू मात्र मे महिन्यात तालमीच्या पोरांबरोबर खेळताना दोनदा पास निघायच्या आधीच जागेवर होतास. मी कठड्यावरून बघत होतो. तुला ते सांगायचं राहिलं. पुढच्या चाचणीत काय होईल ते मला माहीत नाही, उंची तर माझ्या हातात नाही, तुझ्या मामाकडची आली. पण सामन्यात दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त त्यांच्या फॉरवर्डचे पाय बघ आणि काय दिसलं ते मला लिहून कळव.

शेंगदाण्याची चटणी आणि स्टड बदललेले बूट पार्सलने पाठवलेत. डाव्या बुटाची शिवण मोच्याकडून पुन्हा घालून घेतली आहे. पुढच्या पाकिटावर कुठलं नाव घालू, ते रविवारी सांग.

तुझा,
बाबा