डार्ट फ्रॉग रंग बघून निवडू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला टेरॅरियमवरचा (काचेच्या टाकीत झाडं-प्राणी ठेवायच्या छंदावरचा) लेख वाचला, लिहिलाय छानच, पण फोटोत एकाच टँकमध्ये निळे, पिवळे-काळे आणि हिरवे-काळे डार्ट फ्रॉग, म्हणजे मध्य-दक्षिण अमेरिकेतले छोटे रंगीत बेडूक, एकत्र आणि खाली "मनासारखे रंग निवडा", हे काही पटलं नाही बुवा. मी नेदरलँड्समध्ये असते, इथे हा छंद बराच मुरलाय (दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम १९७५ पर्यंत डचांच्याच ताब्यात, तिथल्या निळ्या अझुरियस बेडकाला १९६९ मध्ये नाव दिलं तेही डच शास्त्रज्ञानेच), इथले लोक तो फोटो बघून डोक्याला हातच लावतील.

निळा अझुरियस आणि पिवळा-काळा टिंक्टोरियस ही आता एकच जात धरतात, हिरवा-काळा ऑरॅटस वेगळा, पण त्याचाही यांच्याशी संकर होतो. मग जी पिल्लं होतात ती धड ना इकडची ना तिकडची, जाणकार कुणी घेत नाही. म्हणून एका टँकमध्ये एकच जात आणि तीही जंगलातल्या एकाच भागात सापडणाऱ्या रंगाची.

दुसरं म्हणजे स्वभाव. टिंक्टोरियसची जोडीच ठेवायची, दोन माद्या एकत्र आल्या की एक दुसरीच्या पाठीवर चढून तिला खाली दाबून धरते, बघणाऱ्याला वाटतं खेळतायत, आणि हरलेली पानाआड बसून राहते, खायला बाहेर येत नाही, मग तिच्या पाठीचं हाड दिसायला लागतं तेव्हा आपल्याला कळतं. पिल्लं असताना नर-मादी ओळखूच येत नाहीत, मोठी झाली की नराच्या पुढच्या पायांच्या बोटांची टोकं रुंद दिसतात. ग्रुपच हवा असेल तर व्हेनेझुएलाकडचा पिवळा-काळा ल्युकोमेलास घ्या, चार-पाच जण सुखाने राहतात, नर पक्ष्यासारखी शीळ घालतो. कोलंबियाचा टेरिबिलिससुद्धा ग्रुपमध्ये चालतो. नाव ऐकून घाबरू नका, जंगलात तो भयंकर विषारी खरा, पण ते विष तिथल्या किड्यामुंग्या खाऊन येतं, घरात जन्मून फळमाश्यांवर वाढलेल्यात नसतं. छोटा लाल पुमिलिओ मात्र नवख्याने घेऊच नये, त्याची मादी पिल्लांना स्वतःची अंडी खाऊ घालते, ते काम आपल्याला जमणारं नाही.

आणि लेखात तापमानाबद्दल एक ओळ नाही! यांना २२ ते २६ डिग्री लागतं, तीसच्या वर गेलं की जिवावर बेततं, म्हणजे पुण्यात एप्रिलमध्ये एसी लावून ठेवायची तयारी हवी, नागपूरचं तर बोलायलाच नको. शिवाय हे सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले प्राणी, भारतात २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार "कागद नंतर देतो" म्हणाला तर सरळ उठून यावं.

पुढच्या पुरवणीत एवढी एक चौकट टाकाच, आणि फोटो बदला.

आपली एक वाचक, नेदरलँड्स