मिरजेच्या चाचांना, लेकीच्या पहिल्या गिटारबद्दल

प्रिय चाचा,

सादर नमस्कार.

तुमच्या वाद्यांच्या दुकानात येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच चहा मागवता आणि विषय दुसरीकडे नेता. म्हणून हे लिहून पाठवतेय, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहितेय. आमच्या ओळखीतली आठवी-नववीतली किती तरी मुलं सध्या ‘गिटार हवी’ म्हणून घरच्यांच्या मागे लागली आहेत आणि आईवडील मोबाइलवर किमती बघत बसलेत. तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत ते त्यांना कळायला हवं. नाव मात्र लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

गिटारसाठी सांगलीहून मिरजेला जायचं हे माझ्या सासऱ्यांनी सुचवलं. दीडशेहून जास्त वर्षं ज्या गावात सतारी आणि तंबोरे घडतात, गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, त्या गावाला सहा तारांचं वाद्य परकं कसं असेल, असं त्यांचं म्हणणं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण त्यांच्या भजनाच्या वहीत अजून आहे. तुमच्याकडे आलो तेव्हा एका भिंतीला सतारीचे भोपळे टांगलेले आणि दुसरीकडे कॉलेजच्या पोरांनी दुरुस्तीला टाकलेल्या गिटारींची रांग. ते बघूनच आजोबा खूश झाले.

मला सगळ्यात आधी आभार मानायचेत ते तुम्ही माझ्याशी न बोलता लेकीशी बोललात म्हणून. त्याआधी ज्या दुकानात गेलो होतो तिथे ‘मॅडम, बजेट?’ हा पहिला प्रश्न होता आणि नंतर तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तुम्ही तिला स्टुलावर बसवलंत. ‘बेटा, काय वाजवायचंय?’ म्हणून विचारलंत. ती आधी माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही थांबलात. मग ती हळूच म्हणाली, ‘गाणी म्हणायची आहेत, म्हणता म्हणता वाजवायचंय.’ तेवढ्या एका वाक्यावरून तुम्ही पुढचं सगळं ठरवत नेलंत. नुसतं गाण्याच्या साथीला वाजवायचं तर स्टीलच्या तारांची अकूस्टिक. बोटांनी एकेक सूर वेचत वाजवायचं तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल. बँडमध्ये वाजवायचं तर इलेक्ट्रिक, पण मग ॲम्प्लिफायरचा खर्च वेगळा. तरीही नुसतं सांगून तुमचं समाधान झालं नाही. नायलॉनवाली तिच्या हातात दिलीत. तारा मऊ लागल्या, पण तिची बोटं पलीकडच्या तारेपर्यंत पोचेनात. त्या गिटारीची मान वरच्या टोकाला ५२ मिलिमीटर रुंद आणि स्टीलवाल्या गिटारीची साधारण ४३, हे तुम्ही पट्टी लावून तिलाच मोजायला सांगितलंत.

आणि मग तुमच्या लक्षात आलं की ती डावरी आहे. मी ते सांगितलेलं नव्हतं. पावतीवर तिनं नाव लिहिलं तेव्हा तुम्ही पाहिलंत.

इथे मला जरा थांबायचंय, कारण डावऱ्या मुलांच्या आईवडिलांना या बाबतीत नीट सांगणारं कुणी भेटत नाही. एक म्हणतो, डावरी आहे ना, मग डावरी गिटारच हवी. दुसरा म्हणतो, त्यात काय, तारा उलट्या लावून टाकू. तुम्ही एक उघडी पडलेली गिटार पुढे ओढलीत आणि आतल्या लाकडी पट्ट्या दाखवल्यात. जाड तारांचा आणि बारीक तारांचा ताण वेगवेगळा, त्या हिशेबानं पट्ट्या तिरक्या बसवलेल्या असतात. घोडीवरचं सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तीही तिरकी असते, नाही तर वरच्या पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, सूर बिघडतो. मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा तर तारेच्या जाडीप्रमाणेच कापलेल्या. म्हणजे तारा उलट्या लावणं हे पाच मिनिटांचं काम नव्हे. डावऱ्यांसाठी खास बनवलेली गिटार मिळते, पण आपल्याकडे तिच्यात निवडीला फार वाव नसतो, आणि मैत्रिणीची गिटार सहज घेऊन वाजवणंही होत नाही.

हे सांगूनही तुम्ही ‘उजवीच घ्या’ म्हणाला नाहीत. तिला डोळे मिटायला लावून मांडीवर ठेका धरायला सांगितलंत. मग गिटार एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं तिच्या मांडीवर ठेवलीत आणि तारांवरून नुसता हात फिरवायला सांगितलात. ठेका ज्या हातात पक्का, तोच हात तारा छेडायला हवा, असं तुम्ही म्हणालात. तिचा दोन्ही हातांत जवळपास सारखाच निघाला. तेव्हा तुम्ही कोपऱ्यातली एक जुनी उजवी गिटार उचललीत, कुणीतरी विकायला ठेवलेली, तारा पुसल्यात आणि म्हणालात, ‘ही घरी न्या. महिनाभर वाजवू दे. हात काय म्हणतो ते कळेल. विकत घ्यायचं मग बघू.’ अनामत रक्कमही घेतली नाहीत.

चाचा, त्या दिवशी तुम्ही आम्हाला काहीच विकलं नाहीत. परत येताना एसटीत ती गिटार मांडीवर धरून बसली होती आणि आजोबा कंडक्टरला सांगत होते की नात शिकायला लागली.

महिनाभरात उजवी गिटारच तिच्या हातात बसली. पडदे दाबायचं बारीक काम डाव्या हाताकडे येतं, ते तिला उलट सोपं गेलं. डायर स्ट्रेट्स बँडचा मार्क नॉफ्लर स्वतः डावरा असून उजवी गिटार वाजवतो आणि बीटल्सचा पॉल मॅकार्टनी डावरीच वाजवतो, हे तिनं नंतर कुठून तरी शोधून काढलं आणि मला ऐकवलं. दोन्ही वाटांनी माणसं पुढे गेलीत. निवड तिची तिला करता आली, ती तुमच्या त्या जुन्या गिटारीमुळे.

नवीन घ्यायला आलो तेव्हा तुम्ही चार गिटारी काढून ठेवल्यात आणि कंपनीची नावं वाचू दिली नाहीत. मोठ्या अंगाची ड्रेडनॉट घेतली की तिचा उजवा खांदा वर उचलला जातो, हे तुम्ही आरशात दाखवलंत. कमरेशी निमुळती, लहान अंगाची कॉन्सर्ट घेतली तेव्हा खांदा आपोआप खाली आला. ‘पाऊण साइजची घेऊ का?’ असं मी विचारलं, तर तुम्ही ठाम नाही म्हणालात: चौदाव्या वर्षी हात पुरेसे वाढलेले असतात, दोन वर्षांत ती लहान पडेल. तोंडावरचं लाकूड अखंड की प्लायचं, यावर दुकानातली दोन पोरं हिरिरीनं बोलत होती. तुम्ही म्हणालात, अखंड लाकडाचा आवाज वर्षांनुवर्षं खुलतो हे खरं, पण ते हवेला नाजूक असतं. शाळकरी मुलीच्या घरी, पावसाळ्यात आणि एप्रिलच्या उन्हात, प्लाय बरा टिकतो. आत पिकअप (ॲम्प्लिफायरला जोडायची सोय) बसवलेली पण दोन हजारांनी महाग गिटार तुम्ही बाजूला सारलीत. ते पैसे सेटअपला, म्हणजे गिटार हाताला बसेल अशी जुळवून घ्यायला, आणि चांगल्या बॅगेला लावा, म्हणालात. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गिटारी तिला वाजवायला दिल्यात आणि त्यातली एक तिची तिला निवडू दिलीत. मलाही त्या दोन्हींत फरक ऐकू आला. म्हणूनच मीही कुणी विचारलं तर मॉडेल सांगत नाही, हातात धरून बघा म्हणते.

सेटअप म्हणजे काय हे मी तोवर ऐकलंही नव्हतं, आणि आता मला वाटतं की पहिल्या गिटारीत यापेक्षा महत्त्वाचं काही नसतं. बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते तुम्ही पोलादी पट्टीनं मोजलंत. तीन मिलिमीटरच्या वर भरलं. एवढ्या उंच तारा दाबताना मोठ्या माणसाची बोटंही दुखतील, आणि मुलांना वाटतं की आपल्यालाच जमत नाही. तुम्ही सॅडल काढून खालच्या अंगानं घासलंत, बसवून पाहिलंत, पुन्हा घासलंत. बारीक तारेखाली दोन मिलिमीटर आणि जाड तारेखाली अडीचच्या आसपास आल्यावरच थांबलात. मग तिसरा पडदा दाबून पहिल्या पडद्यावर तारेखाली केसाएवढी फट उरते का ते पाहिलंत आणि नटच्या खाचा बारीक कानशीनं उतरवल्यात. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवून टोचणारी टोकं गोल केलीत. मूळच्या बाराच्या तारा काढून दहाच्या, म्हणजे जास्त बारीक, लावल्यात. बाराच्या संचाचा मिळून ७० किलोंच्या आसपास ताण असतो, दहाचा बराच कमी, हेही सांगितलंत. शेवटी बाराव्या पडद्यावर प्रत्येक तार दाबून आणि नुसती स्पर्शून, दोन्ही सूर जुळतात का ते ऐकलंत. ट्यूनर समोर पडला होता, पण तुम्ही कान लावून ऐकत होतात. एवढ्या कामाचे तुम्ही जे पैसे घेतलेत ते मला इथे लिहायलाही संकोच वाटतो.

वरच्या सामानाबद्दल थोडक्यात, कारण तुम्हीही थोडक्यातच सांगितलंत. जाड अस्तराची बॅग, चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर, पट्टा, तारांचा एक जादा संच, मऊ फडकं, आणि पिक (तारा छेडायच्या चकत्या) एकदम डझनभर न घेता ०.६० आणि ०.७३ मिलिमीटरच्या दोन-दोन. कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलायला जमल्यावर. स्टँड मात्र आजच, कारण गिटार समोर दिसली तर येता-जाता हातात घेतली जाते. तुमचं हे म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. शाळेतून आल्यावर दप्तर एका हातानं टाकते आणि दुसऱ्या हातानं गिटार उचलते. गिटारीबरोबर आलेली ती वाकडी किल्ली जपून ठेवा पण फिरवू नका, मानेतली सळई तिनं हलते, असंही बजावलंत. ती माझ्या कपाटात आहे.

आणि आता आजोबांचं सांगते, कारण ते तुम्हाला माहीत नाही. ट्यूनर फक्त अक्षर दाखवतो, सप्तक सांगत नाही, त्यामुळे नवशिकी मुलं बारीक तार भलतीकडे ताणून तोडतात; म्हणून एखाद्या पक्क्या सुराशी कान जुळवून घ्यायला तुम्ही तिला सांगितलं होतंत. आमच्याकडे पक्का सूर म्हणजे आजोबांची भजनाची पेटी. पहिल्याच संध्याकाळी तिनं तारांची नावं सांगितली, ई, ए, डी, जी, बी, ई. आजोबांनी पेटीवर शोधलं आणि खुर्चीतून पुढेच सरकले. पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पुन्हा पांढरी तीन. सहाच्या सहा तारा पांढऱ्या पट्ट्यांवर! तेव्हापासून रोज ते पेटीवर सूर धरतात आणि ती डोळे मिटून खुंटी फिरवते. ट्यूनर शेवटी फक्त खात्रीला. हे परकं वाद्य असं आधी ते अधूनमधून म्हणत. पंडित ब्रिजभूषण काब्रा आडव्या धरलेल्या गिटारीवर राग वाजवत, असं तुम्ही त्यांना सांगितलंत, तेव्हापासून ते त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकत असतात. नात पुढे काय वाजवेल ते वाजवो, घरात दोघांना एकत्र बसायला एक जागा झाली. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

बोटांची टोकं सुरुवातीला लाल व्हायची. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज थोडा वेळच, पण रोज, असं ठेवलं. आता घट्टे पडलेत आणि ती ते अभिमानानं सगळ्यांना दाखवते. एफ कॉर्ड अजून नीट वाजत नाही. पाऊस सुरू झाल्यापासून बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत आणि वाजवून झालं की तारा पुसतो. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवायची नाही, सरस सुटतो, हा तुमचा निरोप तिच्या बाबांनाही पोचवलाय.

तारा जरा काळपट दिसायला लागल्या आहेत, तेव्हा गणपतीच्या आधी येतो. या वेळी तारा ती स्वतः बदलणार आहे, तुम्ही फक्त शेजारी बसायचं, असं तिनं ठरवलंय. बरोबर तिची वर्गमैत्रीणही येईल. तिलाही गिटार हवी आहे आणि तिच्या आईला मी सांगून ठेवलंय की पहिल्या दिवशी पैसे घरीच ठेवून या.

तुमची,
सांगलीची एक आई