मिरजेच्या दवाखान्यात भेटलेल्या त्या दादाला

प्रिय दादा,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझी भाची तुला दादा म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणते. गेल्या बुधवारी तू आजोबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आला होतास, आम्ही माझ्या बहिणीसाठी. एकाच बाकावर बसलो होतो. सांगली-मिरजेत कुणी हे वाचून तुला ओळखलं तर एवढं पोचवा.

भाचीला दवाखान्यात आणायचं नव्हतंच. जिनं तिला सांभाळायचा शब्द दिला होता, तिनं सकाळी फोनच उचलला नाही. मग तासगावहून पहिल्या एसटीनं नऊ वर्षांची पोर सोबत घेऊन आले. खिडकीवरचा माणूस खेकसला, "लहान पोरांना कशाला आणता?" सोबत आलेले नातेवाईक चहाला म्हणून गेले ते दुपारीच उगवले. आणि आम्ही सगळ्या मोठ्यांनी मिळून त्या पोरीला सांगितलं होतं, की आईची नुसती तपासणी आहे. ती सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. "गुणाची आहे, त्रास देत नाही," म्हणाले.

तू तिला काही विचारलं नाहीस. पिशवीतून तुझा निंटेंडो स्विच, ते हातात धरून गेम खेळायचं यंत्र, काढलास, "अ शॉर्ट हाइक" नावाचा गेम लावलास आणि यंत्र तिच्या मांडीवर ठेवलंस. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. पण क्लेअर नावाचं ते छोटं पाखरू मला आता घरचं वाटतं. ते मे नावाच्या मावशीकडं राहायला आलंय, फोनची वाट बघतंय, आणि रेंज फक्त डोंगराच्या टोकावर मिळते. तिथं मारामारी नाही, कुठनंही पडलं तरी पाखराला काही होत नाही. सोनेरी पीस सापडलं की हवेत आणखी एकदा पंख मारता येतात, कड्यावर जरा जास्त वेळ चढता येतं. जमिनीला टेकलं की दम परत येतो. वाटेत हेडबँड हरवला म्हणून पळायचं सोडलेला ससा भेटला, १५ शिंपले मागणारं एक पोर भेटलं. पडद्यावरचं इंग्रजी तू तिला आपल्या भाषेत सांगत होतास. सशाचं गाऱ्हाणं तू सांगितलंस तेव्हा ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तिच्या बोटांचं भडंगाचं तिखट बटणांना लागलं, मी ओरडले, तर तू शर्टाच्या टोकानं पुसलंस आणि भडंगाची पुडी तिच्याकडंच सरकवलीस.

दोन तास सांगितलेल्या ऑपरेशनला तीन उलटले होते. क्लेअर बर्फापर्यंत पोचली होती. तेव्हा तू उठून माझ्या बाजूला येऊन बसलास आणि तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालास, "मावशी, एक सांगू का? वर पोचली की क्लेअरच्या आईचा फोन येतोय. आईचं ऑपरेशन झालेलं असतंय. बरी असती ती. पण हिला चालंल का? का दुसरा गेम लावू?"

दादा, त्या दिवशी त्या पोरीच्या मनाला काय चालेल, हे विचारणारा तू एकटा. सख्ख्यांना ते सुचलं नाही, मलाही नाही. तू दोन तासांपूर्वी भेटलेला, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. नुसता गेम देऊन मोबाइल बघत बसला असतास तरी मी आभारच मानले असते. पण पुढं काय येणार हे तुला माहीत होतं आणि ते तू आधी येऊन सांगितलंस. माणुसकी, माणुसकी म्हणतात ती मला त्या बाकावर बघायला मिळाली. जगात अशी माणसं आहेत, आपल्या शेजारी बसलेली असतात, हे मी विसरत चालले होते.

मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "बाळा, आईची तपासणी नाही, ऑपरेशन चाललंय. पोटातली गाठ काढतायत."

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "मला माहितेय. फायलीवर लिहिलंय." मग थोड्या वेळानं, "मला वर जायचंय."

वर बर्फात पिसं गोठतात. ती तीनदा घसरली. तू हात लावला नाहीस, नुसतं "टेक, जरा टेक, मग उडी मार" म्हणत राहिलास. ती टोकावर पोचली, फोन वाजला, आणि तू म्हणालास, "हे मावशी वाचून दाखवतील." मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाचलं. वाचताना माझा आवाज गेला. तिनं माझा हात धरला होता. मग क्लेअर पंख पसरून तरंगत खाली आली, आणि पोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

बहिणीचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तू आजोबांना धरून जिना उतरत होतास. मी हाक मारली, गर्दीत तुला ऐकू गेली नसावी.

बहीण आता घरी आहे, भाकरी-भाजी जेवते. आजोबांचा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? भाचीचा एक निरोप आहे. त्या पोराला तिनं ११ शिंपले मिळवून दिले होते, चार राहिलेत. तेवढे तू शोधून देशील का, म्हणून विचारलंय.

तुझी,
बाकावरची मावशी