विषय: मेसेज पुरे, वायर जोडायला माणूस पाठवा

ग्राहक सेवा प्रमुख,

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर काँक्रीटीकरणासाठी रस्ता खणला, त्यात तुमच्या इंटरनेटची फायबरची वायर तुटली. तुटलेलं टोक खड्ड्यात लोंबतंय, वॉचमनलाही दिसतंय. बॉक्सवर 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकतोय. म्हणजे बॉक्सपर्यंत सिग्नलच येत नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

तरी काल रात्री तुमच्या कॉल सेंटरचा मुलगा म्हणतो, "मॅम, मी आपली समस्या पूर्णपणे समजू शकतो. राउटर बंद करून चालू करा." केला. "दिवा हिरवा झाला का?" नाही झाला. अहो, वायर खाली खड्ड्यात पडली आहे. "समजू शकतो मॅम, कृपया लाइनवर राहा." मग ती बासरी. बासरी संपल्यावर, "आपल्या संयमाबद्दल धन्यवाद. एकदा राउटर बंद करून चालू कराल का?" खड्ड्यातली वायर माझ्या घरातलं बटण दाबून जोडली जाते का, असं विचारलं. "नक्कीच मॅम. आणखी काही मदत करू शकतो?" आणखी! फोन ठेवते तोवर मेसेज हजर: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, १ ते ५ गुण द्या. शून्याची सोय ठेवलेली नाही, हुशार आहात.

त्या मुलावर राग नाही. तो समोरचं वाचत होता, लिहून देणारे तुम्ही.

माणूस मिळत नाही, पण मेसेजना खळ नाही. 'आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.' 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' 'आमचा तंत्रज्ञ निघाला आहे.' पंढरपूरहून पायी निघालाय का? वर 'दुप्पट वेगाचा प्लॅन घ्या', पाठवणाऱ्याच्या नावाला 'पी' जोडलेला, म्हणजे चक्क जाहिरात. १९०९ या नको असलेले कॉल-मेसेज थांबवायच्या नंबरवर मी जाहिराती बंद करून ठेवल्या आहेत. तरी आलेल्या अशा मेसेजची ७ दिवसांच्या आत तक्रार करता येते, ती केली आहे.

आमच्या मजल्यावर सगळ्यांना मीच तुमचं कनेक्शन घ्यायला लावलं. आता लिफ्टमध्ये तोंड दाखवायची चोरी.

न सुटलेली तक्रार 'सोडवली' म्हणून बंद कशी केलीत, याचं लेखी उत्तर द्या. नाहीतर तुमच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाईन, तिथेही बासरीच वाजली तर १९१५वर ग्राहक हेल्पलाइनकडे. बंद दिवसांचे पैसेही वजा करा. बिलाचा मेसेज मात्र आजच आला, पूर्ण रकमेचा. त्यात दिलगिरी नाही.